वाटाण्याचं पाणी

बोईसर, ४ जानेवारी, रविवार

माझ्या कपाळावर कुंकू लावायला तुला कुणी सांगितलं?

मेहुलच्या दुकानात साखर आणायला गेले, तर शेवया आणि साबण यांच्या मध्ये मी लटकलेली. रुपयाएवढं कुंकू, नाकात नथ, आणि पडलेला पुढचा दातसुद्धा जागेवर. मेहुल म्हणाला, "आजी, तुमी तर हिरोईन झाला!" दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतात, पाकिटाकडे बघतात, परत माझ्याकडे. साखर न घेताच मी घरी आले. त्या दिवशी चहा गुळाचा केला आणि तो फाटला. तोही तुझ्यामुळेच.

कुंकवाचं मला वावडं नाही. तुझा बाप गेला तेव्हा मनात असतं तर लावलं असतं, मी कुणाला भ्यायले नसते. नाही लावलं ते माझ्या मर्जीने. पाकिटावर लागलं ते तुझ्या मर्जीने. मी कोण, भिंतीवरचं कॅलेंडर?

आता आशीर्वाद. इंद्रजीत, अर्चना आणि स्वरा, तिघांना. बरे असा.

फोन तू उचलत नाहीस. मोबाइलवर रोज सकाळी गुलाबाची फुलं तेवढी पाठवतोस, शुभ सकाळ म्हणून. फुलाला मी काय उत्तर देऊ? म्हणून पत्र लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नकोस. अर्थ काढ.

फोटो कुठला ते मी लगेच ओळखलं. गेल्या थंडीत स्वराने काढलेला. मी ओट्यावर मटार सोलत बसले होते आणि तुला शिव्या देत होते, कारण रंगाचा कारखाना बंद पडल्यापासून तू दुपारपर्यंत लोळत पडायचास. तोंड उघडं आहे ते त्यासाठी. लोकांना वाटतं म्हातारी हसते आहे.

वर नाव काय तर "सुगंधा आजीचे हिरवे वाटाणे". मी कधी वाटाणे विकले रे? माहेरी सासवडला आमच्या शेतात मटार व्हायचा, तेवढंच. इथे बोईसरला येऊन सगळा जन्म गेला, त्यात मी मटार निवडले, सोलले, शिजवले आणि शेजारणींना शिकवले. विकला एक दाणा नाही.

पाकिटाच्या पाठीमागचं मी चष्मा लावून वाचलं. फायदेच फायदे. सगळ्यात खाली, माझ्या तोंडचं म्हणून: "आजी सांगते, वाटाणे शिजवलेलं पाणी टाकू नका. सगळी ताकद त्यातच आहे!" हे मात्र माझंच आहे. अर्चना स्वराची बाळंतीण होती तेव्हा मी तिला हेच सांगायचे, आणि वाटी तोंडाला लावून पाजायचे. तेव्हा तिला मळमळायचं. आता छापायला चाललं.

पालघरला गाळा घेतलास, धंदा काढलास, हे मला मेहुलकडून कळावं? बरं, काढलास तर काढलास. माझा चेहरा त्यावरून काढ. एवढंच सांगायला लिहिलं.

तुझी आई


बोईसर, ११ जानेवारी

पत्र मी मुलाला लिहिलं होतं. उत्तर सुनेने दिलं, तेही टाइप करून. आणि सोबत पाकिटांचं खोकं. मी काय दुकानदार आहे, नमुने पाठवायला?

अर्चना, तुला उत्तर देते, कारण तू निदान लिहिलंस. तू म्हणतेस, "आई, हल्ली लोकांना घरगुती चेहरा लागतो, विश्वास वाटतो. तुमचा मानच केला आहे." मान करायचा होता तर दिवाळीला आला असतात. तुम्ही तिघं दिवाळीला शिर्डीला गेलात, तेही मी मोबाइलवरच बघितलं.

तू वाटाण्याच्या फायद्यांची यादी जोडली आहेस, मला पटावं म्हणून. वजन उतरतं. त्वचा उजळते. केस दाट होतात. हृदय चांगलं राहतं, डोळे चांगले राहतात, साखर ताब्यात राहते. अगं, इतकं सगळं एका दाण्यात असतं तर तुझे सासरे अजून जिवंत असते. त्यांनी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर पातेली भरभरून वाटाणा शिजवला आणि स्वतःही खाल्ला. टक्कल पडायचं राहिलं नाही.

फायदा काय ते मी सांगते. वाटाण्याने पोट भरतं आणि भरलेलं राहतं. पाळीवर उभं राहणाऱ्या माणसाला डबा उघडल्यापासून सुटीपर्यंत भूक लागत नाही. डाळ परवडत नाही तेव्हा वाटाणा डाळीचं काम करतो. पोट साफ ठेवतो. आजारातून उठलेल्याला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अंगी लागतो. आणि गॅस धरतो, हेही लिहायचं असतं. ज्याचे सांधे युरिक अॅसिडने सुजतात त्याने जपून खावा, हेही. यादीत नुसतं गोडच लिहिलं की वाचणाऱ्याने समजावं, आपल्याला काहीतरी विकायला आले आहेत.

आणि पाकिटावर जी उसळ दिली आहेस, क्रीम आणि काजू घालून, ती माझ्या नावावर का? क्रीम मी डोळ्यांनी बघितलं ते तुमच्या लग्नात. वाटाण्याची उसळ अशी. सुका वाटाणा रात्री मीठ टाकून भिजवायचा. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, दुसऱ्या पाण्यात दाणा दबेल इतपत शिजवायचा. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, कांदा. कांदा लाल होऊ द्यायचा, घाई करायची नाही, तुझी नेहमी घाई. आलं, लसूण, ओलं खोबरं, कोथिंबीर वाटून घालायची. गूळ बोटाच्या पेराएवढा, वर आमसूल. शिजवलेलं पाणी त्यातच जातं, म्हणून रस्सा दाट होतो. झालं.

ओला मटार असेल तर तेवढंही नको. जिरं, हिरवी मिरची, मटार, झाकणावर पाणी ठेवून वाफ. चाळणीत निथळलेला भात वर टाकून परतला की मटारभात. पोह्यात टाक. आणि सालं फेकायची नाहीत. सालाच्या आतला पापुद्रा टोकाकडून मोडून ओढला की सरळ निघून येतो. उरलेलं कोवळं साल चिरून बटाट्याबरोबर परतायचं. तुझे सासरे गावाहून इथे नोकरीला आले तेव्हा आम्ही सालंच जास्त खाल्ली. बाजार उठताना भाजीवाली फुकट द्यायची. इंद्रजीतने तोंडात दात यायच्या आधीपासून तीच भाजी चोखली आहे. त्याला विचार, आठवतं का. नाही म्हणेल.

पाकिटं मी फोडलेली नाहीत. भोगी झाली की बघेन. फोटोचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. इंद्रजीतने लिहावं.

सासू


बोईसर, संक्रांत, १४ जानेवारी

तिळगूळ पाठवत नाही.

काल भोगी होती. भोगीच्या भाजीला ओला मटार, हरभरा, वाल, गाजर, वांगं, सगळं आणलं होतं. पण म्हटलं, मुलाच्या धंद्याचं पाकीट घरात आलं आहे, मूठभर तेही टाकू. सणाच्या दिवशी मुलाच्या हातचं काहीतरी पोटात जावं. म्हणून आदल्या रात्री एका भांड्यात भिजत घातले.

सकाळी झाकण काढलं तर पाणी पोपटासारखं हिरवं. ओतलं, दुसरं घातलं. तेही हिरवं. तिसरंही. दाणा चिमटीत धरून दाबला. साल सुटून आलं आणि आत पिवळा.

इंद्रजीत, वाटाणा मी आंधळी झाले तरी ओळखेन. हिरवा वाटाणा सुकला की बारीक होतो, सुरकुततो, फिकट पडतो, आणि आतही हिरवाच असतो. गोल, गुळगुळीत आणि आत पिवळा, तो पांढरा वाटाणा. रगड्याचा. तू पांढरे वाटाणे रंगवून माझ्या तोंडाखाली विकतोस.

तू रंगाच्या कारखान्यात होतास तेव्हा तुझ्या घामाने उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा. तुझे कपडे मी वेगळ्या बादलीत धुवायचे. ती बादली आम्ही दुसऱ्या कशाला वापरत नव्हतो, गॅलरी धुवायलासुद्धा नाही. अर्चना तेव्हा नवीन होती. तिने एकदा त्या बादलीत तांदूळ भिजवायला घेतले, तर तू स्वतः धावत येऊन तिच्या हातातून ओढून घेतलीस. रंग म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको.

भोगीची भाजी मी तुझ्या वाटाण्याशिवाय केली. चांगली झाली. बाजरीची भाकरी, वर तीळ. एकटीने खाल्ली.

माल उचल. मेहुलकडचा, चिंचणीच्या दुकानातला, मनोरच्या बाजारातला, जिथे जिथे पोचला असेल तिथला. मनोरलाही गेला आहे, हे मेहुलने मोठ्या कौतुकाने सांगितलं.


बोईसर, २३ जानेवारी

तुझा फोन आला, त्याला उत्तर म्हणून हे लिहिते, कारण तू फोनवर मला बोलू दिलं नाहीस. तू म्हणालास, "आई, तो खाण्याचा रंग आहे. जिलबीत घालतात तोच. सगळेच घालतात, गिऱ्हाईकच हिरवं मागतं." मग म्हणालास, "तू माझी आई आहेस की इन्स्पेक्टर?" आणि ठेवलास.

जिलबी खाणाऱ्याला ठाऊक असतं, आपण रंग खातो आहोत. आणि जिलबी कुणी बाळंतिणीला ताकदीसाठी भरवत नाही. खाण्याचा असेल तर पाकिटावर "रंग घातला आहे" असं छापायला लाज का वाटली? माझी नथ छापायला जागा होती.

आता दुसरं ऐक. शांतपणे लिहिते, कारण रागाने लिहिलं तर माझं अक्षर मलाच लागत नाही.

नवसी तुला माहीत आहे. मनोरच्या पुढे डोंगराकडे तिचं घर, इथल्या बाजारात भाजी घेऊन बसते. पावसाळ्यात रानातली शेवळं आणायची, तू मिटक्या मारत खायचास. तिची मुलगी भावना बाळंतपणाला माहेरी आली आहे. पोर अशक्त, दूध पुरेसं येत नव्हतं. नवसीने मनोरच्या बाजारात तुझं पाकीट बघितलं. तिला वाचता येत नाही. दुकानदाराला विचारलं, "ह्या मावशीच्या फोटूखाली काय लिवलाय?" त्याने वाचून दाखवलं.

तिने वाटाणे भिजवले. त्यांच्यात भाजी उकडलेलं पाणी कधी टाकत नाहीत, भाताची पेजही टाकत नाहीत. त्यात मी वर्षानुवर्षं बाजारात तिच्याजवळ बसून तेच सांगत आलेली. पाणी हिरवं झालं तर तिला बरंच वाटलं. म्हणाली, "मला वाटला, हिरव्याचा हिरवाच उतरनार. येवढी ताकद हाय." भिजवलेलं पाणी आणि शिजवलेलं पाणी, दोन्ही. सकाळ-संध्याकाळ वाटी भरून भावनाला पाजलं.

पोरीला उलट्या आणि जुलाब लागले. डोळे आत गेले. सरकारी दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. होतं नव्हतं ते दूध आटलं. बाळाला शेजारणीने पाजून धरलं. आता भावना उठून बसते, पण बाळ छातीला लावलं की रडतं.

डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं? नवसी म्हणाली, वाटाण्याचं पाणी. तो म्हणाला, वाटाण्याने असं होत नाही, तुमच्या विहिरीचं पाणी खराब असेल, उकळून पीत जा.

बाजारात हे सगळं सांगताना नवसी मला म्हणाली, "उकळूनच तर पाजला, मावशी."

मी तिला सांगितलं, त्यात रंग होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाटी आवरायला लागली. मी विचारलं, "नवसे, पाकीट घेताना दाणा पाण्यात घालून बघायचा नाही का?" माझ्याच तोंडाला काय बोलावं ते कळेना, म्हणून असलं काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "तुमचा फोटू हाय म्हनून घेतला. दुसऱ्याचा असता तर नाय घेतला."

डॉक्टरचं खरं असेल, विहिरीचंच असेल, असं तू म्हणशील. म्हण. पण आधी ते पाणी तू स्वराला वाटी भरून पाज आणि मग म्हण.


बोईसर, १ फेब्रुवारी

स्वरा, बाळा, तुझं पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. "पप्पा रडले, आजी तू असं का करतेस" हे वाक्य तुझं नाही. तुला कुणी सांगून लिहायला लावलं असेल तर यापुढे लिहू नकोस. तू तुझा अभ्यास कर. हे पत्र आता पप्पाकडे दे.

इंद्रजीत, पोरीला मध्ये घातलंस. लाज वाटली नाही?

मी काय केलं ते तुला कळलं आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. मेहुलच्या दुकानात गेले. त्याच्याकडचा काचेचा ग्लास मागून घेतला, शेजारच्या टपरीवरून कोमट पाणी आणलं, तुझं पाकीट फोडून मूठभर दाणे टाकले आणि गल्ल्यावर ठेवला. मग तिथेच स्टुलावर बसून राहिले. गिऱ्हाईक यायचं, ग्लासात काय आहे विचारायचं, मी पाकिटावरच्या माझ्याकडे बोट दाखवायचे. कारखान्यातून सुटलेली पोरं आली, एक जण म्हणाला, "अम्मा, ये तो हमारे टाकी का पानी लगता है." सगळे हसले. मी हसले नाही. फोटोत हसते तेवढं पुरे.

मेहुल हात जोडायला लागला. "आजी, माझा काय गुन्हा? धंद्याच्या टायमाला नका ना बसू." मी म्हटलं, "पाकिटं खाली काढ, मी उठते." त्याने काढली.

त्यानंतर तुझा निरोप आला. "आई, तुझा फोटो काढून टाकला आहे. तुझं काम झालं. आता तरी गप्प बस." वाचून मला जरा बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? वाटलं, पोराला समजलं.

मग मेहुलकडे नवीन माल आला.

दुसरीच म्हातारी. कोण कुठली, गोरी, गालाला खळी, डोक्यावर पदर. दात सगळे स्वतःचे दिसतात. नाव "आजीचे हिरवे वाटाणे", सुगंधा गेली. पाकीट तेच, दाणे तेच पोपटी. आणि मागे अजून, "आजी सांगते, वाटाणे शिजवलेलं पाणी टाकू नका."

मी जे मागितलं ते तू दिलंस. माझा चेहरा मागितला, तो दिलास. पहिल्या पत्रात मी कुंकवावर आणि दातावर कागद घालवला, तू त्याला उत्तर दिलंस, आणि मोकळा झालास. वाटाण्याचं मी मागाहून सांगितलं, ते तुला ऐकूच गेलं नाही.

त्या बाईला ठाऊक तरी आहे का, तिच्या तोंडून तू काय वदवतो आहेस?


बोईसर, ६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी पालघरजवळच्या कोळगावला जाऊन आले. अन्नखात्याच्या कचेरीत.

तुझ्या गाळ्यावरून रिक्षा गेली. शटर अर्धं वर होतं. बाहेर ताडपत्रीवर दाणे वाळत घातलेले, अर्चना पाठमोरी उभी राहून खराट्याने सारखे करत होती. तिचे हात मनगटापर्यंत हिरवे. रिक्षावाल्याला थांब म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही.

कचेरीतल्या पोराने विचारलं, "आजी, तक्रार कुणाविरुद्ध?" मी तुझं नाव सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं नाव?" ते सांगितल्यावर त्याचं पेन थांबलं. आडनाव दोन्हीकडे तेच. म्हणाला, "नात्यातला आहे का?" मी म्हटलं, "पोटचा आहे. लिही पुढे." जुनं पाकीट दिलं, नवीन दिलं, दोन्ही न फोडलेली. ते तपासायला पाठवणार आहेत. रंग खाण्याचा निघाला तर तुझ्यासाठी चांगलं, नाही निघाला तर तुझं तू बघ. मला समजावायला फोन करू नकोस. दिलेलं मी परत घेणार नाही.

तू म्हणशील, आईने मुलाचा धंदा बसवला. म्हण. चार लोकांत सांग. कारखाना बंद पडला तेव्हा मी तुला ओट्यावरून शिव्या दिल्या, त्यापेक्षा हाताशी बसवून मटार सोलायला लावला असता तर बरं झालं असतं, असं शेजारच्या पाटील वहिनी म्हणतात. म्हणू देत. तू सोलला नसतास. तुला लहानपणापासून सोललेलं लागतं.

येताना मी मनोरकडून नवसीकडे गेले. भावना दारात बसली होती, बाळ मांडीवर. बाळ आता बाटलीचं दूध घेतं. नवसीने चहा केला. मी तिला कोळगावचं सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तर म्हणाली, "कशाला गेला, मावशी? तुमचा पोरगा हाय. कचेरीवाले आधी आमच्याच विहिरीत डोकावनार."

मी म्हटलं, "तुला काय पाहिजे ते सांग. मी इंद्रजीतकडून घेऊन देते." ती काही मागेना. मी परत विचारलं, तर चिडली. "काय मागू? दूध मागू?"

भावनाने चुलीवरचं भांडं उतरवलं. घरचे वाल शिजवले होते, त्यांच्या परड्यातले, रंगबिंग काही नाही. ती भांडं घेऊन मागच्या दाराला गेली आणि सगळं पाणी बाहेर ओतलं. चांगलं, दाट, घरच्या वालाचं पाणी. कोंबड्या धावल्या.

नवसी बघत होती. तिने पोरीला अडवलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, आता काय ते तुमीच सांगा. पानी टाकायचा का ठेवायचा?"

मी जन्मभर ज्याला त्याला हे सांगत आले. "ठेव" म्हणावं तर माझ्यावर तिने का विश्वास ठेवावा? "टाक" म्हणावं तर ती पोर वालाचं टाकणार, मुगाचं टाकणार, पेजही टाकणार. त्यांच्या घरात अंगाला लागण्यासारखं तेवढंच असतं.

मी उठून आले. चहा तसाच राहिला.

तर इंद्रजीत, हा प्रश्न आता तुझ्याकडे आहे. मला उत्तर लिहू नकोस. अर्चनाने टाइप करायचं नाही, स्वराने लिहायचं नाही, मेहुलकडे निरोप ठेवायचा नाही. मनोरला उतर, पुढे डोंगराकडे चालत जा, नवसीचं घर कुणीही दाखवेल. तिला वाचता येत नाही, तेव्हा समोर बसून तोंडाने सांगायचं, पाणी टाकायचं की ठेवायचं, आणि का. भावना ऐकेल इतक्या मोठ्याने. उत्तर तूच द्यायचं आहेस.